रेडिओ ऐकणारे गाव आणि रेडिओला उत्तर देणारे गाव

(चाकण परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चाकणला स्वतःचे छोटेसे रेडिओ केंद्र असावे काय, हा प्रश्न आपल्यापैकी काही सदस्यांनी काढला आणि त्यावर बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मी कलाशाखेचा विद्यार्थी. लहरी, वारंवारता, प्रक्षेपक यांचे गणित मला इतरांकडून समजावून घ्यावे लागते. परंतु रेडिओचा प्रश्न हा यंत्राचा थोडा आणि माणसांचा अधिक आहे, अशी माझी समजूत आहे. तिला आधार म्हणून आपल्याच जिल्ह्यात घडलेल्या एका प्रयोगाची हकीकत प्रथम सांगतो. तो प्रयोग जगातील पुष्कळ विद्यापीठांत शिकवला गेला. पुणे जिल्ह्यात मात्र त्याचे नाव माहीत असलेली माणसे मला क्वचितच भेटली.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी सुरू झाले. मुंबईत प्रसारण १९२७ पासून होते आणि नागपूरला १९४८ मध्ये केंद्र आले होते. पण मुंबईचे केंद्र अनेक भाषांचे. भीमेच्या, नीरेच्या, कृष्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला आपले वाटावे असे केंद्र पुण्याचेच. या केंद्राचे नाव घरोघर पोहोचवले ते गीतरामायणाने. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला त्याचे पहिले गीत प्रक्षेपित झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभर, दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीते झाली आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये मालिका पूर्ण झाली. हा इतिहास मराठी माणसाला तोंडपाठ आहे.

त्याच १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, त्याच केंद्रावरून, दुसरीही एक मालिका प्रक्षेपित होत होती. तिच्यात गाणी नव्हती. उंदरांचा उपद्रव, कंपोस्ट खत, गुरांची निगा, गावातील आरोग्य असे रोजचे विषय होते. आठवड्यातून दोन वेळा, संध्याकाळी अर्धा तास, दहा आठवडे, म्हणजे एकूण वीस कार्यक्रम. गीतरामायण अमर झाले. या वीस कार्यक्रमांची नोंद अहवालात राहिली. दोहोंची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. तथापि पंचायतीत काम करणाऱ्या माणसाने या दुसऱ्या मालिकेकडे अवश्य पाहावे असे मला वाटते.

कल्पना मूळची कॅनडातील. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी राष्ट्रीय रेडिओ मंडळे चालत असत. आठवड्यातून एकदा शेजारपाजारची कुटुंबे एका घरी जमत, आधी टपालाने आलेली पत्रिका वाचत, मग कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करून आपले मत लिहून पाठवत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे सूत्र होते. भारतातील खेडे म्हणजे कॅनडातील खेडे नव्हे. तेथे एकेका शेतावर एकेक घर, दोन घरांत मैलाचे अंतर. येथे गावठाणात भिंतीला भिंत. तेथे वाचता येत असे, येथे बहुसंख्यांना येत नसे. मग हे रोप आपल्या मातीत धरेल काय? युनेस्कोच्या साहाय्याने ते पडताळून पाहण्याचे ठरले आणि त्यासाठी आकाशवाणीचे पुणे केंद्र निवडले गेले.

त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. ते आय.सी.एस. अधिकारी खरे, पण हिंदी वाचकांना ते ‘कोणार्क’ नाटकाचे लेखक म्हणून अधिक परिचित. फायलीवर सही करणारा हात नाटकही लिहू शकतो, हे आपल्या शासकीय सेवेतील मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे देण्यात आले आणि ते पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केले. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. १९३८–३९ मध्ये नाझी राजवटीने त्यांना डाखाउ आणि बुखनवाल्ड येथील छळछावण्यांत डांबले होते. तेथून सुटून ते अमेरिकेत गेले, प्राध्यापक झाले आणि पुढे भारतात आले. माणसांना बोलू न देणारी राजवट ज्याने अंगावर सोसली, त्याने आपल्या खेड्यांत माणसे कशी बोलू लागतात याचा अभ्यास केला, हा योगायोग मला लक्षणीय वाटतो. माथुर आणि न्यूराथ यांचे संयुक्त पुस्तक युनेस्कोने १९५९ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध केले.

आता प्रत्यक्ष रचना पाहू. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्हे घेतले गेले : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. (आजचा सातारा जिल्हा तेव्हा उत्तर सातारा म्हणून ओळखला जाई, दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली.) या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ. मंडळाला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. निमंत्रक लिहितावाचता असणे आवश्यक होते. दर जिल्ह्याला एक संघटक आणि त्या सर्वांवर एक मुख्य संघटक. संघटकाचे काम गावोगाव फिरण्याचे. मंडळ जमते की नाही, संच चालू आहे की नाही, पत्रे जातात की नाही, हे त्याने पाहायचे.

संचाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण आज खिशात रेडिओ घेऊन फिरणाऱ्या पिढीला त्याची कल्पना येणार नाही. तो काळ ट्रान्झिस्टरचा नव्हता. व्हॉल्व्हचा मोठा संच, बहुतेक गावांत वीज नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा. बॅटरी उतरली की गाव मुके. ती बदलणारा माणूस वेळेवर आला नाही, तर चर्चेचा विषय कितीही उत्तम असो, त्या संध्याकाळी सभा होणार नाही. विकासाच्या कामात अशा बॅटऱ्या पुष्कळ असतात. त्यांचा उल्लेख योजनेच्या मसुद्यात नसतो.

ठरलेल्या संध्याकाळी वीस जण जमत. अर्धा तास ऐकत. मग संच बंद करून चर्चा. या चर्चेतून जे निघेल, म्हणजे काय पटले, काय पटले नाही, कोणती शंका राहिली, गावाने काय करायचे ठरवले, ते निमंत्रकाने लिहून पुणे केंद्राकडे पाठवायचे. गावांकडून आलेल्या प्रश्नांना पुढील कार्यक्रमांतून उत्तरे दिली जात. साऱ्या प्रयोगाचा प्राण या एका व्यवस्थेत आहे. एरवी रेडिओ म्हणजे एकाने बोलायचे आणि हजारांनी ऐकायचे. येथे ऐकणाऱ्याचे पत्र बोलणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडत होते आणि त्याला उत्तर देणे भाग होते.

या काळातील पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागाचा विचार करताना आणखी एक नाव आठवते. व्यंकटेश माडगूळकर १९५५ च्या सुमारास या केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात रुजू झाले आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच राहिले. ‘बनगरवाडी’चा लेखक शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी नेमावा, ही सुबुद्धी ज्यांना सुचली त्यांचे कौतुक केले पाहिजे. खेड्याशी बोलायचे तर खेड्याची भाषा येणारा माणूस हवा, ही गोष्ट आज आपण जाहिरात संस्थांकडून शिकतो. ती पुणे केंद्राला तेव्हाच कळली होती.

मूल्यमापनाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. मंडळे असलेल्या गावांपैकी काही गावे न्यूराथ यांनी नमुन्यासाठी निवडली. त्यांच्या जोडीला अशी गावे घेतली, जेथे मंडळ नव्हते. आणि त्यांतही काही गावांत सार्वजनिक रेडिओ संच होता, काहींत तोही नव्हता. मालिकेपूर्वी आणि मालिकेनंतर, दोन्ही वेळा, त्याच विषयांवर प्रश्न विचारले. निष्कर्ष असा की मंडळे असलेल्या गावांतील सभासदांच्या माहितीत ठळक वाढ झाली होती. नुसता संच असलेल्या, पण मंडळ नसलेल्या गावांत झालेली वाढ अल्प होती. म्हणजे तीच लहर, तोच आवाज, तेच शब्द. फरक पडला तो चार माणसांनी एकत्र बसून त्यावर बोलण्याने. केवळ संच वाटून प्रगती होत नाही, हे १९५६ मध्ये मोजून सिद्ध झाले. त्यानंतरही आपण दूरचित्रवाणी संच वाटले, संगणक वाटले, आणि ते उघडायचे कोणी हे ठरवायला विसरलो, तो भाग वेगळा.

माहितीपेक्षाही मोठी गोष्ट पुढे दिसली. मंडळे केवळ चर्चा करून थांबली नाहीत. अहवालात नोंदी आहेत की कुठे विहीर खोदायला घेतली, कुठे जातिवंत वळू आणला, कुठे लेगहॉर्न कोंबड्या घेतल्या, कुठे बालवाडी काढली, कुठे खताचे खड्डे पाडले. न्यूराथ यांनी लिहिले की मंडळ हे गावातील निर्णय घेणारे एक साधन होऊ लागले. ज्या कामांचा विचार पंचायतीने करावा अशी अपेक्षा असते, ती कामे मंडळात बोलली जाऊ लागली. लक्षात घ्या, हा १९५६ चा काळ आहे. आपला ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ पासूनच्या. त्रिस्तरीय पंचायत राज्य येण्याच्या सहा वर्षे आधी, संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या निमित्ताने, काही गावांत ग्रामसभेची तालीम होऊन गेली होती.

प्रयोगाचे गुणगान करताना त्याची उणीव झाकू नये. ही मंडळे मुख्यतः पुरुषांची होती. विहिरीवर चर्चा होत होती आणि विहिरीवरून पाणी आणणारी चर्चेत नव्हती. बालवाडीचा ठराव होत होता आणि मुलाची आई घरी चुलीपाशी होती. त्या काळाच्या मानाने ते स्वाभाविक म्हणता येईल. पण स्वाभाविक म्हणजे योग्य नव्हे. या उणिवेकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

प्रयोग यशस्वी ठरला, म्हणून १९५९ मध्ये तो देशभर नेण्याचे ठरले. दीडशे मंडळांची संख्या काही वर्षांत हजारोंवर गेली. येथून पुढची कथा आपल्याला परिचित वाटेल, इतकी ती आपल्या अनेक योजनांसारखी आहे. मंडळांची संख्या वाढली, संघटकांची त्या मानाने वाढली नाही. पुण्याच्या प्रयोगात पाच संघटक दीडशे गावे सांभाळत, म्हणजे सरासरी एकाकडे तीस. देशव्यापी योजनेत हे काम आधीच दहा कामे असलेल्या कर्मचाऱ्यांच्या माथी आले. मंडळाची स्थापना हे उद्दिष्ट झाले आणि मंडळाची बैठक ही गौण गोष्ट झाली. कागदावर असलेली पुष्कळ मंडळे प्रत्यक्षात निद्रिस्त राहिली. पत्रे रोडावली. कॅनडातील मूळ मंडळेही १९६५ मध्ये बंद झाली. तेथे लोकांनी घरोघर दूरचित्रवाणी आणली होती.

आपल्याकडे दूरचित्रवाणी यायला अवकाश होता, पण ट्रान्झिस्टर आला. हे यंत्र लहान, स्वस्त, कोरड्या सेलवर चालणारे. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या. देशातील या व्यापारी प्रसारणाचा आरंभ मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच तीन केंद्रांवरून झाला. रेडिओ चावडीतून निघून बांधावर, गोठ्यात, सायकलच्या दांडीवर आला. शेतकऱ्याला तो हवा तेव्हा, हवा तेथे मिळू लागला, हे चांगलेच झाले. त्याला मी नावे ठेवणार नाही. मात्र वीस माणसांनी एकत्र बसण्याचे कारण त्याबरोबर संपले. त्या काळी संचाला परवाना लागे, दरवर्षी टपाल कचेरीत शुल्क भरावे लागे. ऐंशीच्या दशकात तोही गेला.

कामगारांसाठीही रेडिओ होता. मुंबई केंद्राची ‘कामगार सभा’ गिरणगावातल्या खोल्याखोल्यांतून ऐकली जाई. चाकणच्या दृष्टीने हे नाव महत्त्वाचे आहे, कारण आज आपण शेतकऱ्यांच्या गावात बसलो आहोत की कामगारांच्या, हे सांगणे कठीण आहे.

आता ‘स्थानिक’ या शब्दाकडे वळू. आकाशवाणी सरकारी, पण तिचे नाव एका खाजगी, स्थानिक, जवळजवळ घरगुती केंद्रावरून आलेले आहे. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सप्टेंबर १९३५ मध्ये आपल्या ‘विठ्ठल विहार’ या घरातून एक लहान केंद्र सुरू केले. त्याला ‘आकाशवाणी’ म्हणत. पुढे ते म्हैसूर संस्थानाने घेतले आणि नाव देशाने घेतले. एका प्राध्यापकाच्या घरातील यंत्रापासून सुरुवात होऊ शकते, हे आपल्या शिक्षक मंडळींनी टिपून ठेवावे. अर्थात आज तसे घरातून प्रक्षेपण करू नये. तो कायद्याने अपराध आहे.

कायद्याची वाटचाल थोडक्यात अशी. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात निकाल देताना सांगितले की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना समुदाय रेडिओ चालवण्याची मुभा मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. २००६ च्या नोव्हेंबरात ही मुभा ना-नफा संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही देण्यात आली. शंभर वॅटपर्यंतचा प्रक्षेपक, मर्यादित उंचीचा मनोरा, सुमारे दहा किलोमीटरचा पल्ला. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत ही अट. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुनःप्रक्षेपित करता येतात. वाहतूक, हवामान, पाणी-वीजपुरवठा, परीक्षा, आपत्तीची सूचना अशी माहिती मात्र देता येते. जाहिरातींना प्रारंभी तासाला पाच मिनिटे होती. २०२४ मध्ये ती मर्यादा बारा मिनिटांपर्यंत वाढली.

आपल्या शेजारी अशी केंद्रे उभी आहेत. बारामतीला विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आहे. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे. पण माझ्या मते अभ्यास करावा तो म्हसवडचा. सातारा जिल्ह्यातील माण तालुका, कायमचा दुष्काळी पट्टा. तेथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. आरंभी परवाना नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींनी अर्जावर अंगठे उमटवले होते. त्या आधी लिहायला शिकल्या, मग पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो असे अधिकाऱ्यांना सांगितले. याच परिवाराने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे समुदाय रेडिओ केंद्र सुरू केले. पुण्याच्या प्रयोगात जी चुलीपाशी राहिली होती, ती येथे ध्वनिक्षेपकापुढे बसली. ओव्या, पाण्याचे प्रश्न, बचतीचा हिशेब, जनावरांचे आजार हे सारे तिच्या बोलीत. २०१२–१३ च्या दुष्काळात म्हसवडला चारा छावणी चालली, तेव्हा अशा केंद्राचा उपयोग काय असतो हे कोणाला विचारावे लागले नसेल.

रेडिओचा जमाना सरला, आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे, असे कोणी म्हणेल. याला माझे उत्तर दोन प्रकारचे आहे. २०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी इतकी हरकत घेतली की तो स्थगित करावा लागला. ज्या गोष्टीचा जमाना सरला, ती बंद होताना कोणी हरकत घेत नाही. दुसरे असे की मोबाईलवर येणारा संदेश कोणी पाठवला, खरा की खोटा, हे कळायला मार्ग नसतो. अफवा पसरल्यावर काय होते हे चाकणला मी सांगण्याची गरज नाही. केंद्राला पत्ता असतो, दार असते, आणि बोलणाऱ्याचे नाव असते. चुकीचे सांगितले तर दुसऱ्या दिवशी दारात जाऊन विचारता येते.

आणि संकटाचा प्रसंग. आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळून माळीण गाव गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. ही वार्ता प्रथम बाहेर आली ती एस.टी.च्या चालकामुळे, नेहमीच्या वळणावर त्याला गावच दिसेना. रेडिओ असता तर ती माणसे वाचली असती असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. इतकेच म्हणतो की डोंगरी भागात पावसाची आणि दरडीची सूचना एका विश्वासाच्या आवाजात, वीज गेली तरी चालणाऱ्या यंत्रावर मिळण्याची सोय असणे, ही चैन नव्हे.

आता चाकण. हे गाव बाजाराचे आणि किल्ल्याचे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेपुढे संग्रामदुर्ग पन्नासहून अधिक दिवस लढवला, हे येथील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. कांद्या-बटाट्याचा बाजार, शनिवारचा जनावरांचा बाजार यांवर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या जगले. मग औद्योगिक वसाहत आली, मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले, आणि नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, कुरुळी, महाळुंगे, निघोजे ही नावे देशभरच्या मालमोटारींच्या चालकांना पाठ झाली. चौकातून दहा किलोमीटरचे वर्तुळ काढले तर यांतील बहुतेक गावे त्यात येतात. एका लहान केंद्राला याहून सोयीचे क्षेत्र मिळणार नाही.

परंतु या वर्तुळात दोन गावे राहतात. एक गाव मतदारयादीतील, ग्रामसभेला बोलावले जाणारे. दुसरे गाव चाळींच्या खोल्यांत भाड्याने राहणारे. ते बीड-लातूर-नांदेडहून आलेले आहे, बिहार-ओडिशा-उत्तर प्रदेशातून आलेले आहे, आणि पाळीवरून येते, पाळीवर जाते. पाणी दोघे एकाच टाकीचे पितात, कचरा एकाच ओढ्यात पडतो, तळेगाव चौकातील कोंडीत दोघांच्या गाड्या शेजारी उभ्या असतात. पण पहिल्या गावाला दुसऱ्याचे म्हणणे कळत नाही आणि दुसऱ्याला ग्रामपंचायत कोठे आहे हे कळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे उघडे पडले. कोणत्या गाडीला नाव नोंदवायचे, शिधा कोठे मिळेल, मालक भाडे मागू शकतो काय, या साध्या प्रश्नांची खात्रीची उत्तरे न मिळाल्याने माणसे पायी निघाली. आपल्या कार्यालयांनी परिपत्रके काढली होती. ती ज्यांच्यासाठी होती त्यांना वाचायला मिळाली नाहीत, मिळाली तर ती त्यांच्या भाषेत नव्हती.

म्हणून चाकणच्या केंद्राचा विचार करताना भाषेचा प्रश्न प्रथम सोडवावा लागेल. केंद्र मराठीचे असावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तथापि दिवसाचा काही वेळ हिंदीला आणि आठवड्यातील एखादा तास ओडिया किंवा भोजपुरी बोलणाऱ्याला द्यावा. त्याने मराठीचे काही बिघडणार नाही. त्याच तासात चार मराठी वाक्ये शिकवली, तर दवाखान्यात आणि बाजारात दोघांचीही सोय होईल. शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावे.

चालवायचे कोणी? परवानगीसाठी पात्र ठरतात त्या ना-नफा तत्त्वावरील नोंदणीकृत संस्था, ज्यांचे काम किमान तीन वर्षांचे आहे, तसेच शिक्षणसंस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे. राजकीय पक्षाला परवानगी मिळत नाही, आणि ते उचित आहे. येथे मला एक धोका दिसतो तो स्पष्ट सांगतो. कारखान्यांकडे सामाजिक दायित्वाचा निधी आहे. तो घ्यावा, यंत्र, खोली, वीज यांसाठी घ्यावा. परंतु कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीवर देणगीदाराची खुर्ची ठेवू नये, आणि सरपंचाची एकट्याची खुर्चीही ठेवू नये. भाडेकरूंपैकी, हमाल-तोलणारांपैकी, अंगणवाडी सेविकांपैकी माणसे त्या समितीत असावीत, निम्म्या स्त्रिया असाव्यात. ज्या केंद्रावर केवळ सत्कारांची वर्णने येतील, ते केंद्र महिनाभरात कोणी ऐकणार नाही.

शेवटचा मुद्दा माझ्या सहकारी अधिकाऱ्यांसाठी. पुण्याच्या प्रयोगात गावाच्या पत्राला उत्तर मिळत होते म्हणून पत्रे येत होती. चाकणच्या केंद्रावर एखाद्या बाईने विचारले की आमच्या चाळीत तीन दिवस टँकर का आला नाही, तर त्या खात्याच्या माणसाने आठवड्याच्या आत ध्वनिक्षेपकापुढे येऊन सांगितले पाहिजे. ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर दोनदा ऐकले की तिसरे पत्र येत नाही.

हे सारे परवान्यावाचून अडून बसण्याचे कारण नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज, मग हेतुपत्र, मग वारंवारता, या वाटेला वेळ लागतो. तोपर्यंत १९५६ चेच वेळापत्रक घ्यावे, असे मी सुचवतो. तीन गावे निवडा. एक जुने गावठाण, एक चाळींची वस्ती, एक मिश्र. प्रत्येक ठिकाणी वीस जण, त्यांत निम्म्या स्त्रिया, एक निमंत्रक. आठवड्यातून दोन संध्याकाळी, पाळी सुटण्याची वेळ पाहून, शाळेच्या खोलीत जमा. अर्ध्या तासाचा कार्यक्रम शिक्षकांनी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणावा. साध्या ध्वनिवर्धकावर तो ऐकवावा. मग चर्चा, मग पत्र. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. पत्रे ज्या खात्याची त्या खात्याकडे पोहोचवण्याचे काम आमचे कार्यालय करील, आणि कोणत्या पत्राला किती दिवसांत उत्तर आले याची वही ठेवील. ती वही अर्जासोबत जोडावी. पहिल्या कार्यक्रमासाठी विषय मुख्याध्यापकांनी आजच दिलेला आहे : शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या अवजड मालमोटारी. निमंत्रकांची नावे येत्या शनिवारपर्यंत, बाजाराला येताना, पंचायतीत द्यावीत.